राणी, छक्की, चव्वी

आमच्या बांद्याच्या घरी गणपतीच्या जागराला ओटीवर घोंगडी अंथरली जायची आणि मधोमध काजूबियांची टोपली यायची. प्रत्येकाला पन्नास बिया मोजून मिळायच्या, मोठ्यांनाही. पत्ते आजोबा पिसायचे. मी सहा-सात वर्षांची असेन. त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायचे आणि त्यांनी पानं उचलली की वाकून बघायला जायचे. ते पानं छातीशी धरत आणि हळू आवाजात सांगत, "पानां बघू नको गो, माणसां बघ." तीन पत्तीचा मला मिळालेला तो पहिला धडा, आणि बरीच वर्षं तेवढाच.

पुढे मी मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवर अकरा वर्षं डीलर होते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं थ्री कार्ड पोकरच्या टेबलावर गेली. तेच बावन्न पत्ते, तीच तीन पानं, तीच जोडी, तोच कलर. पण इथे आजोबांचा धडा चालत नव्हता. समोर बसलेला माणूस माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायचा, तिथे काही सापडतंय का म्हणून. माझ्या पुढ्यातली तीन पानं मात्र पालथी असायची. ती मीही पाहिलेली नसायची. आणि पाहिली असती तरी काय केलं असतं? डीलरला ठरवायचं काहीच नसतं. अकरा वर्षं मी पत्ते वाटले, एकही डाव खेळले नाही.

ओटीवरचा खेळ आणि बोटीवरचा खेळ ही एकाच आजीची नातवंडं आहेत. ती आजी म्हणजे इंग्रजांचा ब्रॅग.

ब्रॅग म्हणजे बढाई, फुशारकी. नावातच खेळ आला. हातात काही नसताना असल्याचा आव आणायचा आणि समोरच्याला पानं टाकायला लावायची. एडमंड हॉईल या गृहस्थाने, ज्याचं नाव इंग्रजीत पत्त्यांच्या नियमांशी कायमचं जोडलं गेलंय, १७५१ मध्ये ब्रॅगवर स्वतंत्र पुस्तिका काढली. म्हणजे तोवर खेळ चांगला रुळलेला होता.

आमच्या सावंतवाडीला पत्ते काही इंग्रजांनी शिकवले नाहीत. लाखेने चकाकणारी गोल दशावतारी गंजिफा तिथे होतीच. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, मिळून १२०. पण गंजिफा हा हात करायचा खेळ आहे. कुणाचं पान मोठं, कोणती पानं खेळून गेली, हे लक्षात ठेवण्यात त्याची कसोटी. तिथे खोटं बोलायला वाव नाही. फुशारकीचा खेळ समुद्रावरून आला, आणि तो इथे किती खोल मुरला हे शब्दांवरून कळतं. आजोबांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, इंग्रजी शून्य. पण ब्लाइंड, सीन, शो, पॅक हे शब्द त्यांच्या तोंडी मालवणी असल्यासारखे येत. पानं न बघता खेळणाऱ्याने निम्मी चाल द्यायची, हा ओटीवरचा नियम इंग्लंडमधल्या ब्रॅगमध्ये जसाच्या तसा आहे. ब्लाइंड खेळणाऱ्याकडे सीनवाल्याने शो मागायचा नाही, हाही. इतके आडवळणाचे नियम दोन ठिकाणी आपापले उगवत नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, जिने मला या इतिहासाच्या नादी लावलं.

बावन्न पत्त्यांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात ट्रेल, म्हणजे तीन एक्के, तीन राजे असे सारखे तीन, ५२ प्रकारे येतो. आणि एकाच रंगाची ओळीतली तीन पानं, ज्याला आपण प्युअर सिक्वेन्स म्हणतो, ती ४८ प्रकारे. म्हणजे प्युअर जास्त दुर्मिळ. दुर्मिळ ते मोठं हा पत्त्यांचा कायदा धरला, तर प्युअरने ट्रेलला हरवायला हवं. आमच्या ओटीवर, आणि मला वाटतं प्रत्येक ओटीवर, उलटं आहे. ट्रेल सगळ्यांच्या वर. बोटीवर थ्री कार्ड पोकर शिकायला बसले तेव्हा तक्त्यात पहिल्यांदा प्युअर वर आणि ट्रेल खाली दिसला. मला वाटलं छापताना चूक झाली. शिकवणारा हसला नाही, त्याने फक्त आकडे फळ्यावर लिहिले. ५२. ४८. मी त्या रात्री खोलीवर जाऊन कॅट घेऊन बसले आणि स्वतः मोजले. एका रंगात एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा ओळी, रंग चार. बारा चोक अठ्ठेचाळीस. तेरा प्रकारच्या पानांचे प्रत्येकी चार ट्रेल. तेरा चोक बावन्न. इतकं सोपं, आणि आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी मोजलं नव्हतं.

मग हा उलटा क्रम आला कुठून? जुन्या ब्रॅगमध्ये रन, म्हणजे ओळीतली तीन पानं, आणि कलर नव्हतेच. मोल होतं ते फक्त जोडीला आणि सारख्या तीन पानांना. या तिघांना इंग्रजीत 'प्रायल' म्हणतात, 'पेअर रॉयल'चं ते बोलण्यात झिजलेलं रूप. रन आणि कलर मागाहून आले. माझी समजूत अशी की नवे पाहुणे आले तेव्हा प्रायल पाटावर आधीच बसलेला होता, त्याला कुणी उठवलं नाही. आपल्याकडे खेळ आला तो हा बसायचा क्रम घेऊनच. घरच्या खेळात तसं चालतंही, कारण नियम सगळ्यांना सारखाच लागू असतो. बिया घरातून घरातच फिरतात.

कॅसिनोत तसं चालत नाही. तिथे एका बाजूला सतत एकच गडी बसलेला असतो आणि त्याला प्रत्येक हाताची किंमत पैशांत ठरवावी लागते.

खरं तर पोकर हा मुळात कॅसिनोच्या फार कामाचा खेळ नाही. चार माणसं आपसांत खेळणार, कॅसिनो फक्त जागा, पत्ते आणि डीलर देणार, आणि प्रत्येक डावातून थोडी वर्गणी कापून घेणार. म्हणून पोकर डीलरच्या विरुद्ध खेळता येईल असा बेतायचे प्रयत्न झाले. कॅरिबियन समुद्रातल्या अरूबा बेटावरून १९८०च्या दशकात कॅरिबियन स्टड पसरला. त्यात पाच पानं, आणि डीलरकडे किमान एक्का-राजा नसेल तर त्याचा हात धरायचाच नाही असा नियम. डीलर 'क्वालिफाय' होणं ही कल्पना तिथे रुजली. पण पाच पानांचा हिशेब नवख्याला जड जातो आणि खेळ रेंगाळतो.

डेरेक वेब हा इंग्लंडमधला पोकरपटू. ब्रॅगच्या देशातला माणूस, त्यामुळे तीन पानांची गोडी त्याला वेगळी सांगायला नको होती. १९९४ मध्ये त्याने ब्रॅगची तीन पानं आणि डीलर क्वालिफाय होण्याची कल्पना एकत्र आणून थ्री कार्ड पोकर बेतला. ट्रेल आणि प्युअरची अदलाबदल त्याने केली ती अशी, मोजून. अमेरिकेत मिसिसिपीमधल्या कॅसिनोंत खेळाने मूळ धरलं आणि १९९९ मध्ये तिथले हक्क शफल मास्टर या कंपनीने विकत घेतले. पत्ते पिसायची यंत्रं बनवणारी ती कंपनी. माझ्या टेबलावरचं यंत्र कुणी बनवलं होतं ते मी कधी बघितलं नाही, पण ते तीन-तीन पानांच्या गड्ड्या आपोआप बाहेर सरकवायचं. आजोबांच्या पिसण्याला फर्र असा आवाज होता. यंत्राला नुसती घरघर होती. सुरुवातीला मला तिची झोपेतही आठवण यायची.

आमच्या पाण्यावरच्या नोकरीची गोष्ट कायद्यातून आली आहे. गोव्याचा सार्वजनिक जुगाराचा कायदा १९७६चा. १९९२च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली आणि १९९६च्या दुरुस्तीने माणसाच्या हाताने वाटायचे खेळ बोटींवर मान्य झाले. म्हणून हाताला काम हवं तर नदीत जावं लागायचं. पणजीच्या धक्क्यावरून छोटी होडी आम्हाला बोटीवर सोडायची. गंमत अशी की महाराष्ट्रानेही त्याच १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. इकडे चालतो तो १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा. पत्रादेवीचा नाका ओलांडून मी कामावर जायचे तेव्हा घरी शेजारीपाजारी काय बोलतात ते मला माहीत होतं. आईने ते कधी मनावर घेतलं नाही. माझ्या पगारावर दोन भावांची शिक्षणं झाली.

आता टेबल. अर्धगोल, सात जणांची जागा, प्रत्येकासमोर तीन खुणा. पेअर प्लस, अँटी आणि प्ले. अँटीवर आधी पैसे ठेवायचे, मग तीन पानं मिळतात. पानं बघून दोनच गोष्टी करता येतात. टाकायची, मग अँटी गेला. किंवा प्लेवर अँटीइतकेच पैसे ठेवून पुढे जायचं. नंतर मी माझी पानं उलटायचे. माझ्याकडे राणी किंवा त्याहून वरचं काही नसेल तर माझा हात धरला जात नाही. अँटीवर एकास एक मिळतात आणि प्लेचे पैसे जसेच्या तसे परत. माझा हात क्वालिफाय झाला तर दोघांची तुलना. गडी वरचढ असेल तर दोन्हीवर एकास एक, मी वरचढ असेन तर दोन्ही जातात. याशिवाय गड्याला रन, ट्रेल किंवा प्युअर लागला तर अँटीवर वेगळा बोनस, साधारण एक, चार आणि पाच पट, माझ्याकडे काहीही असो. पेअर प्लस हा निराळाच डाव. त्यात माझ्या पानांशी संबंध नाही, तुम्हाला जोडी किंवा वरचं काही आलं की पैसे.

यात शहाणपणाने खेळायचं कसं? सगळं तीन पानांत मावतं. राणी, छक्की, चव्वी. हातात हे किंवा याहून मोठं असेल तर पुढे जा, नसेल तर टाका. एक्का किंवा राजा असला की जायचंच. राणी असेल तर दुसरं पान बघा. सत्ती किंवा वर असेल तर तिसरं काहीही चालेल. दुसरी छक्की असेल तर तिसरी पंजी किंवा चव्वी हवी. राणी-छक्की-तिर्री टाकायची. राणी-पंजी-चव्वीसुद्धा टाकायची. तीनातले सुमारे दोन हात या रेषेच्या वर येतात.

ही रेषा कुणाच्या मनातून आलेली नाही. समजा अँटी शंभर रुपयांचा आहे आणि हातात गुलाम, सत्ती, दुर्री असा कचरा आहे. टाकलात तर शंभर गेले. पुढे गेलात तर काय होतं? साधारण ३० टक्के वेळा माझ्याकडे राणीही नसते, तेव्हा तुम्हाला शंभर मिळतात. उरलेल्या ७० टक्के वेळा तुमचा गुलाम माझ्यापुढे टिकत नाही आणि दोनशे जातात. बेरीज-वजाबाकी केली की सरासरी एकशे नऊच्या आसपास जातात. शंभर घालवायचे की एकशे नऊ, एवढाच प्रश्न. हात जसजसा वर चढतो तसा तो आकडा खाली येतो, आणि राणी-छक्की-चव्वीला शंभराच्या जेमतेम खाली उतरतो. राणी-छक्की-तिर्रीला अजून किंचित वर असतो. एका पानाचं अंतर.

असं काटेकोर खेळलं तरी अँटीच्या ३.३७ टक्के कॅसिनोकडे जातातच. शंभराचा अँटी आणि तासाला चाळीस डाव धरले तर सरासरी एकशे पस्तीस रुपये तासाचे. नशीब मध्ये वरखाली नेईल, पण तो भाव बदलत नाही. पानं न बघता प्रत्येक डावात पुढे जाणाऱ्यासाठी मात्र तोच आकडा ७.६५ टक्के होतो, दुपटीहून जास्त.

हा शेवटचा आकडा मला एका माणसामुळे पाठ आहे. घाटावरचा, माझ्या काकांच्या वयाचा, पांढरा सदरा, उजव्या हाताच्या बोटात पोवळ्याची अंगठी. तीन रात्री लागोपाठ माझ्याच टेबलावर बसला. पानांवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि न बघता प्लेवर चिप्स सारायचा. "ताई, आपण ब्लाइंडवाले," म्हणायचा. घरी तो नक्कीच चांगला खेळत असणार. घरी ब्लाइंड म्हणजे शस्त्र आहे. निम्म्या चालीत टिकता येतं, आणि पानं न बघता रेटणारा माणूस समोर असला की बरे हातही घाबरून पॅक होतात. त्याच्या गावी त्याच्या डोळे मिटण्याने लोकांच्या पोटात गोळा येत असेल. माझ्या टेबलावर घाबरायला कुणी नव्हतं. यंत्र घाबरत नाही, आणि मला पॅक करायची मुभाच नाही. इथे ब्लाइंडला निम्मी चालही नव्हती. पूर्ण किंमत देऊन तो नुसती माहिती फेकून देत होता.

तिसऱ्या रात्री त्याने एकदा पानं उचलून पाहिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "काय करू, ताई?" आमच्याकडे डीलरने सल्ला द्यायचा नाही असा नियम होता. मी म्हटलं, "तुमची मर्जी, सर." वरचा कॅमेरा माझ्या हातांवर होता. त्याने चिप्स सारल्या. मी त्याची पानं उलटली. गुलाम, अठ्ठी, तिर्री. माझ्याकडे राजा होता. मी त्याच्या चिप्स ओढून घेतल्या, पाळी संपली, टाळी वाजवून दोन्ही पंजे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवले, हात रिकामे आहेत म्हणून, आणि टेबल सोडलं. तो परत आला नाही. तीन पानांची नावं घ्यायला दोन सेकंद लागतात. ती मी तेव्हा घेतली नाहीत, म्हणून इथे शीर्षकात घातली आहेत.

पेअर प्लसचं थोडक्यात सांगते, कारण लोक सगळ्यात जास्त त्यातच फसतात. जुन्या तक्त्यात जोडीला एक पट, कलरला चार, रनला सहा, ट्रेलला तीस, प्युअरला चाळीस होते. त्या तक्त्यात कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के. पुढे बऱ्याच ठिकाणी कलरचे चार पट जाऊन तीन झाले. बाकी सगळं तेच. वाटा किती झाला? ७.२८ टक्के. तक्त्यावरचा एक आकडा एकाने खाली आला आणि खेळ तिप्पट महाग झाला. हे बसलेल्या माणसाला जाणवत नाही, कारण कलर २२,१०० मध्ये १,०९६ वेळाच येतो. आणि आला की माणूस आनंदात असतो, तीन मिळाले की चार हे मोजत नाही. म्हणून कुठेही बसण्याआधी तक्ता वाचावा. इंडियन फ्लश किंवा तीन पत्ती नावाने जी टेबलं गोव्यात लागतात तिथे तर ट्रेल वर की प्युअर हेही विचारून घ्यावं. नाव घरचं असलं म्हणून नियम घरचे असतील असं नाही.

डेरेक वेबची पुढची गोष्ट मला फार जवळची वाटते. थ्री कार्ड पोकरने त्याला श्रीमंत केलं. त्याच माणसाने नंतर ब्रिटनमधल्या सट्ट्याच्या दुकानांतल्या यंत्रांविरुद्ध मोहीम उभी केली आणि तिला स्वतःचा पैसा लावला. त्या यंत्रांवर एका बटणाला १०० पौंड लावता येत. एप्रिल २०१९ पासून ती मर्यादा २ पौंडांवर आली. खेळाची किंमत पै-पैने मोजून ज्याने टेबल बेतलं, त्याला दुसरीकडे माणसाला मोजायलाही वेळ मिळत नाही हे खटकलं असणार. टेबलावर निदान पानं वाटली जाईपर्यंत श्वास घ्यायला जागा असते. समोर एक बाई बसलेली असते, तिचे हात दिसतात.

नोकरी सोडून आता चार वर्षं झाली. यंदा जागराला ओटीवर पुन्हा घोंगडी पडली. पुतण्याने पत्ते पिसले. त्याला मी ५२ आणि ४८चा हिशेब समजावला होता, तर तो म्हणाला, मग आपण आता प्युअर वर धरूया का, आत्या? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नको, आजोबांचा ट्रेल वरच राहू दे.

रात्री दोनच्या सुमाराला मी आणि मोठी वहिनी दोघीच उरलो होतो. मी पानं उचलली. बदामची राणी, किलवरची छक्की, इस्पिकची तिर्री. बोटीवर ही पानं मी कितीतरी लोकांना टाकताना पाहिली आहेत आणि त्यांनी बरोबरच केलं. वहिनींना चांगला हात आला की त्यांचं बोलणं बंद होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्यांना नाही. आत्ता त्या मोदकांच्या सारणात गूळ कसा कमी पडला ते सांगत होत्या, आणि सांगतच होत्या. मी चार बिया पुढे सरकवल्या.